खणातलं पाकीट

उभा राहा.

वय सत्तेचाळीस झालं, हाताखाली चाळीस माणसं आहेत, फ्रीमाँटला घर आहे, हे सगळं मला माहीत आहे. तरीही उभा राहा. कणकवलीच्या शाळेत तुला नववी-दहावीला शास्त्र मी शिकवलंय, त्यामुळे तुझा कान धरायचा हक्क माझा अजून गेलेला नाही. नाव मात्र इथे लिहीत नाही. परदेशी गेलेल्या तुमच्या तुकडीतल्या निम्म्या जणांना हे वाचताना ‘बाई आपल्यालाच बोलतायत’ असं वाटायला हवं, आणि वाटलं तर त्यात काही चूक नाही.

तुझ्या डॉक्टरांनी पोस्टाने एक पाकीट पाठवलं. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची, घरच्या घरी करायची तपासणी. सकाळी संडासला गेल्यावर काडीने जरासा नमुना घ्यायचा, काडी नळीत, नळी पाकिटात, पाकीट पोस्टात. परतीचं टपालसुद्धा त्यांनीच भरलेलं. ते पाकीट तुझ्या बाथरूमच्या खणात ब्लेडांच्या डब्याखाली पडून आहे, आणि गेल्या वर्षी आलेलं त्याच्याही खाली आहे. तुझी बायको मला हे फोनवर हसत हसत सांगत होती. मला हसू आलं नाही. त्या जुन्याची तर मुदतही उलटून गेली असेल. नळीतल्या द्रावावर तारीख असते, वाचली होतीस का कधी?

मग तुला फोन केला, तर तू मला कारणं सांगायला लागलास. पहिलं, वेळ नाही. दुसरं, ही तपासणी शंभर टक्के अचूक नाही. तिसरं, आपल्या घरात कुणाला नव्हता. चौथं, आपण कुठे बीफ खातो. पाचवं, काही निघालंच तर पुढचं बिल हजारो डॉलरचं. आणि सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून, ‘बाई, ते कसंतरीच वाटतं हो.’

हां. हे खरं कारण. बाकीची पाच याच्यावर पांघरूण घालायला आणलेली. म्हणून सुरुवात इथूनच करते.

तुला कसंतरी वाटतं. दोन पोरांचे लंगोट बदललेस तेव्हा वाटलं नाही. कोविडच्या काळात आठवड्यातून दोनदा स्वतःच्या नाकात बोटभर काडी खुपसून ती नळीत घोळवत बसायचास, तेव्हा वाटलं नाही. उलट दोन रेघा की एक, याचे फोटो काढून पाठवायचास. आता काडी तीच, नळी तशीच, फक्त जागा बदलली तर एकदम तुझं सोवळं जागं झालं? अरे, सहलीला तुम्हाला गोपुरी आश्रमात कशाला नेलं होतं मी? पेरू खायला? तो आश्रम उभारणाऱ्या अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात उपोषण केलं, ते चांगलं जेवण मिळावं म्हणून नव्हे, तर मैला साफ करायचं काम आपल्यालाही करू द्यावं म्हणून. गांधीजींनी त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्यात अन्न सोडलं. पुढे ह्याच माणसाने आपल्या कणकवलीत संडासांचे आणि मैल्याच्या खताचे प्रयोग केले. त्या गावातून गेलेला मुलगा तू, आणि स्वतःच्या शीला दोन सेकंद काडी लावायची तर तुझा चेहरा वाकडा होतो. लाज वाटायचीच असेल तर ह्याची वाटू दे.

आणि करायचं काय असतं, ते तरी बघितलंस का? पाकिटातला कागद उलगडायचा आणि कमोडच्या काठांना चिकटवायचा, म्हणजे जे काही पडेल ते कागदावर पडतं, पाण्यात जात नाही. नमुना पाण्यात बुडता कामा नये, एवढीच त्यातली मेख. नळीचं झाकण फिरवून काढलं की त्यालाच काडी असते, टोकाला बारीक खाचा. ती वरवर चार-पाच ठिकाणी फिरवायची. खाचा भरल्या की झालं, ढीग काढायचा नाही. जास्त उत्साहाने भरलास तर नमुना वाया जायचा. काडी परत नळीत, झाकण घट्ट, दोनदा हलवायची. नळीवरच्या चिठ्ठीवर नाव आणि नमुना घेतल्याची तारीख. कागद पाण्यात सोडून द्यायचा, हात धुवायचे. दात घासायला तुला याच्याहून जास्त वेळ लागतो. तेव्हा ‘वेळ नाही’ हे कारण इथेच निकालात निघालं. पुन्हा काढलंस तर याद राख.

आता शास्त्र. शास्त्रातला तू हुशार मुलगा, म्हणून तर मला जास्त राग येतो. हिमोग्लोबिनचे दोन भाग तुला फळ्यावर काढून दाखवले होते: लोह धरून बसणारा हीम, आणि त्याच्या भोवतीचं प्रथिन, ग्लोबिन. आतड्यात कोंब फुटावा तशी गाठ वाढते, तिला पॉलिप म्हणतात. सगळे पॉलिप वाईट नसतात. पण जे वाईट निघतात त्यांचा कर्करोग व्हायला बहुतेक वेळा दहा-दहा वर्षं लागतात, आणि त्या काळात मोठे पॉलिप आणि गाठी अधूनमधून थोडं थोडं रक्त सोडत राहतात. ते डोळ्यांना दिसत नाही. ते शोधायची जुनी युक्ती डच शास्त्रज्ञ व्हान डीन याची, १८६४ सालची. ग्वायकम नावाच्या झाडाचा डिंक, त्यावर नमुना, वर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब. हीम असेल तर निळा रंग. सुंदर प्रयोग. पण हीम माणसाचा की आदल्या रात्रीच्या मटणाचा, हे त्या डिंकाला काय कळणार? कच्च्या मुळ्या-सलगमानेही रंग उमटायचा, आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या खाल्ल्या तर असलेला रंगही दडायचा. म्हणून पथ्य पाळा, तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने द्या, अशी कटकट होती. तरीसुद्धा, हे नीट ऐक, त्याच कटकटीच्या तपासणीने मिनेसोटात केलेल्या मोठ्या अभ्यासात, दरवर्षी तपासणी करणाऱ्यांमध्ये या कर्करोगाने होणारे मृत्यू एक तृतीयांशाने कमी झाले. १९९३ सालीच ते छापून आलं. तेव्हा तू दहावीच्या उंबरठ्यावर होतास.

तुझ्या खणात आहे ती नवी तपासणी. तिला फिट म्हणतात. ती हीमच्या वाटेला जात नाही, ग्लोबिन धरते, आणि तेसुद्धा फक्त माणसाचं. त्यासाठी तिच्यात प्रतिपिंडं वापरलेली असतात. मटण खा, मुळा खा, तिला काही फरक पडत नाही. शिवाय पोटात वर कुठे रक्त आलं, तर त्यातलं ग्लोबिन खाली येईपर्यंत पचून जातं. म्हणजे तपासणीत जे सापडतं ते बहुतेक मोठ्या आतड्यातलंच. पथ्य नाही, नमुना एकच. दीडशे वर्षांत माणसांनी ही एवढी अक्कल लढवली आणि ती तुझ्या दारात आणून दिली, ती तू ब्लेडांखाली ठेवलीस.

‘पण बाई, अचूकता.’

हो, अचूकता. तू वाचलं असशील. वाचायला तुला वेळ असतो. २०१४ साली जवळजवळ दहा हजार लोकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शंभर कर्करोगांपैकी फिटने सुमारे ७४ पकडले. पेशींमधला डीएनए तपासणाऱ्या नव्या तपासणीने, डब्यात अख्खी शी भरून कुरियरने पाठवायची असते ती, कोलोगार्ड, तिने ९२ पकडले. कर्करोग होण्याआधीच्या मोठ्या गाठी मात्र फिटने चारांत एकच पकडली, आणि डीएनएवालीनेही निम्म्याहून कमी. इथपर्यंत वाचून तू थांबलास, कारण तुला हवं ते मिळालं. त्याच अभ्यासात पुढे हेही आहे की ज्यांच्यात कर्करोग किंवा मोठी गाठ नव्हती अशा शंभरातल्या तेराजणांना डीएनए तपासणीने विनाकारण घाबरवलं, फिटने पाचांना. आणि फिट दरवर्षी करायची असते, डीएनएवाली दर तीन वर्षांनी. यंदा जी गाठ हातून निसटली ती पुढच्या वर्षी सापडू शकते, कारण वाढायला तिला वर्षं लागतात. दरवर्षी करायची हीच फिटची ताकद आहे, आणि नेमकं तेच तू करत नाहीस. ७४ मार्कांची परीक्षा बरी की ९२ मार्कांची यावर तू दोन वर्षं वाद घालतो आहेस, आणि हजेरीपटावर तुझ्या नावापुढे ‘गैरहजर’.

आता म्हणे तू रक्ताच्या तपासणीची वाट बघतोयस. ती २०२४ साली मान्य झाली, पंचेचाळिशीच्या पुढच्यांसाठी. ती घरी होत नाही, दंडातून रक्त काढावं लागतं, आणि कर्करोगापूर्वीच्या गाठी ती शंभरात तेराच पकडते. म्हणजे रोग होऊ नये म्हणून नव्हे, झाल्यावर कळावं म्हणून. शिवाय, शीची शिसारी आणि सुईची भीती यांतली कुठली मोठी, हे तू आधी ठरव. दहावीत लसीची सुई बघून भोवळ कुणाला आली होती ते मी विसरलेले नाही.

कोलोनोस्कोपी करतोस का? कर. सगळ्यात चांगली. दुर्बीण आत जाते, गाठ दिसली तर तिथल्या तिथे काढून टाकतात, आणि सगळं स्वच्छ निघालं तर दहा वर्षं मोकळा. मी अडवत नाही. पण आदल्या दिवशी जुलाबाचं औषध पिऊन बसावं लागतं, एक दिवस रजा टाकावी लागते, गुंगी देतात म्हणून घरी न्यायला कुणीतरी लागतं. ज्याला दोन मिनिटांचं पाकीट जमलं नाही तो हे सगळं जमवणार, असं मी समजावं काय?

‘आपल्या घरात कुणाला नव्हता.’ अरे, ज्यांना हा रोग होतो त्यांतल्या बहुसंख्य लोकांच्या घरात तो कुणाला नसतोच. आणि ‘आपण बीफ खात नाही’ हे छान आहे. प्रक्रिया केलेल्या मांसाने या कर्करोगाचा धोका वाढतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ सालीच सांगितलंय. पण न खाणाऱ्याला तो होतच नाही असं कुणी सांगितलेलं नाही. भारतात त्याचं प्रमाण कमी आहे, हे खरं. तू भारतात आहेस का? जपानमध्ये हा रोग फारसा नव्हता तेव्हा तिथून हवाईला जाऊन राहिलेल्या लोकांत, एका-दोन पिढ्यांतच, त्याचं प्रमाण तिथल्या इतरांइतकं वर चढलं. रक्त तेच राहिलं; ताट, खुर्ची आणि कंबर बदलली. तुझी कंबर मी गेल्या दिवाळीच्या फोटोत बघितली आहे.

आणि वय. तुझ्या अमेरिकेत ही तपासणी पूर्वी पन्नाशीला सुरू व्हायची. पन्नाशीच्या आतल्यांत हा कर्करोग वाढत चालला, म्हणून तिथल्या कर्करोग सोसायटीने २०१८ साली ती पंचेचाळीसवर आणली आणि २०२१ साली सरकारी तज्ज्ञ मंडळानेही. आता तिथे पन्नाशीच्या आतल्या पुरुषांत, कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंमध्ये पहिला नंबर याचा आहे. तुझ्या मुलाच्या खोलीत ज्याचं चित्र लावलंय तो ब्लॅक पँथरवाला नट, चॅडविक बोजमन, २०२० साली त्रेचाळिसाव्या वर्षी यानेच गेला. लवकर सापडला, आतड्याबाहेर पसरला नसेल, तर पाच वर्षांनी शंभरातली नव्वद माणसं जिवंत असतात. दूर पसरल्यावर सापडला तर पंधराच्या आसपास. हे दोन आकडे तुझ्या फ्रीजवर लाव. त्या कुठल्याशा मॅरेथॉनच्या प्रमाणपत्रावर लाव.

पैशांचं आता. इथे मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण तुझ्या तुकडीतल्या सगळ्यांकडे तुझ्यासारखा कंपनीचा विमा नाही. एकजण स्वतःचा ट्रक चालवतो. एकीचं छोटंसं पोळीभाजीचं दुकान आहे. त्यांच्यासाठी बोलते, तू फक्त ऐक.

फिटची किंमत अमेरिकेत वीस-तीस डॉलरच्या घरात. डीएनएवाली पाचशेच्या वर. विमा नसेल तर कोलोनोस्कोपीचं बिल हजारांत. ज्याच्या खिशातून जाणार त्याने यातलं काय निवडावं, हे सांगायला शास्त्राच्या बाई लागत नाहीत. तिथे सरकारी मदतीवर चालणारी वस्तीतली आरोग्य केंद्रं असतात, उत्पन्न बघून फी ठरवतात. तिथे जाऊन ‘फिट द्या’ म्हणायचं. मात्र एक प्रश्न आधीच विचारून ठेवायचा: निकाल पॉझिटिव्ह आला तर कोलोनोस्कोपी कुठे आणि कितीत होईल? ते ठरलेलं नसेल तर तपासणी अर्धीच राहते. आणि दुकानात मिळतं म्हणून काहीही उचलून आणायचं नाही. कमोडच्या पाण्यात टाकायच्या आणि रंग बदलणाऱ्या पट्ट्या मिळतात, त्या फिट नव्हेत. डॉक्टरांना विचारून, प्रयोगशाळेत जाणारीच घ्यावी.

तुझ्यासारख्या विमावाल्यांना तर बोलायला तोंडच नाही. पंचेचाळीस ते पंचाहत्तर या वयात ही तपासणी विम्याने फुकट द्यायची, असा तिथला कायदाच आहे; अगदी जुन्या काही योजना तेवढ्या त्यातून सुटतात. ‘पण पुढची कोलोनोस्कोपी?’ ही तुझी हुकमी पळवाट एके काळी खरी होती, हे मान्य. शीची तपासणी फुकट, आणि ती पॉझिटिव्ह आली की पुढची कोलोनोस्कोपी ‘उपचार’ म्हणून अंगावर, असा चावटपणा चालायचा. तो बंद झाला. ३१ मे २०२२ नंतर सुरू होणाऱ्या विमा वर्षांपासून, तपासणी पॉझिटिव्ह आल्यावरची कोलोनोस्कोपीही तपासणीचाच भाग, तिच्यासाठी पैसे मागता येत नाहीत. पासष्टीनंतरच्या सरकारी विम्यानेही पुढच्या वर्षी ती तपासणीतच धरली. तुला शेअर बाजाराच्या सकाळच्या बातम्या ठाऊक असतात, आणि ही एवढी जुनी बातमी तुझ्यापर्यंत पोहोचलेली नाही?

तुझ्याच राज्यात काय झालं ते सांगते. उत्तर कॅलिफोर्नियात कायझर पर्मनंटे म्हणून मोठी आरोग्य योजना आहे. त्यांनी सभासदांना ही पाकिटं घरी पाठवायला सुरुवात केली, न परतवणाऱ्यांना स्मरणपत्रं, फोन, सगळं केलं. २००० साली त्यांच्यातले शंभरातले एकोणचाळीस जण तपासणी वेळच्या वेळी करत होते. २०१५ सालापर्यंत ते त्र्याऐंशीवर गेले. त्याच काळात त्यांच्यातले या कर्करोगाचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. पाकीट तुझ्या खणातल्यासारखंच होतं. फरक एवढाच, की लोकांनी ते उघडलं.

आता जे सांगते ते लिहून घे.

तपासणी पॉझिटिव्ह आली तर पहिली गोष्ट, घाबरायचं नाही. पॉझिटिव्ह आलेल्या बहुतेक लोकांना कर्करोग नसतो. काहींच्या गाठी निघतात, त्या काढून टाकतात, आणि खरं सांगायचं तर तो सगळ्यात मोठा फायदा. दुसरी गोष्ट, ‘चुकून आली असेल, पुन्हा एकदा करून बघतो’ असला शहाणपणा करायचा नाही. दुसऱ्यांदा निगेटिव्ह आली म्हणून पहिली पॉझिटिव्ह पुसली जात नाही. रक्त रोज येतंच असं नाही, म्हणून तर ती चुकते. पॉझिटिव्ह म्हणजे कोलोनोस्कोपी, दुसरा रस्ता नाही. तीही या वर्षाअखेरीस नव्हे. कायझरच्याच हजारो लोकांच्या नोंदी तपासल्यावर दिसलं की पॉझिटिव्ह आल्यानंतर दहा महिन्यांहून जास्त चालढकल करणाऱ्यांत कर्करोग जास्त निघाले, आणि पुढच्या टप्प्याला गेलेले जास्त निघाले. पॉझिटिव्हचा कागद खणात ठेवलास, तर तू ते बंद पाकीट ठेवलंस त्याच्याहून वाईट केलंस, कारण आता तुला माहीत असूनही तू ठेवलंस.

तिसरी गोष्ट. ही तपासणी ज्याला काही त्रास होत नाही त्याच्यासाठी. शीबरोबर रक्त दिसतंय, शौचाची सवय काही आठवड्यांपासून बदललीय, वजन उतरतंय, कारण नसताना रक्तातलं लोह कमी झालंय, तर फिटचं पाकीट फोडत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा. आणि ‘मूळव्याध आहे’ हे निदान स्वतः करायचं नाही. आपल्याकडे निम्मं कोकण मूळव्याधीवर भागवतं. रक्त पडलं की मूळव्याध, तिखट बंद, ताक सुरू, गावातल्या कुणाची तरी पुडी, आणि वर्षभराने मुंबईच्या टाटाच्या रांगेत. मूळव्याध असेलही. पण ती आहे म्हणून वर दुसरं काही नाही, असं कुणी लिहून दिलंय? बायकांनी, पाळी चालू असताना नमुना घ्यायचा नाही, ती पूर्ण थांबेपर्यंत वाट बघायची. हे तुझ्या बायकोला सांग. तीही पंचेचाळीसची झाली आणि तिचं पाकीट कुठे आहे, हे फोनवर सांगायला ती सोयीस्कर विसरली. तिच्याशी मी वेगळं बोलणार आहे.

राहता राहिले तुझे वडील. दर रविवारी फोन करून त्यांना ‘अण्णा, फुल बॉडी चेकअप करून घ्या, पैसे पाठवतो’ म्हणतोस, आणि स्वतःचं पाकीट सीलबंद. उंटावरून शेळ्या हाकायला तुला कुणी शिकवलं? ते तुला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे: ‘माका काय धाड भरली?’ ते एकोणऐंशीचे आहेत. पंचाहत्तरीनंतर ही तपासणी सरसकट करायची नसते. माणसाची तब्येत, आधीच्या तपासण्या बघून डॉक्टर ठरवतात. इथे आपल्या सरकारच्या तपासणी कार्यक्रमात तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा असे तीन कर्करोग आहेत, हा नाही. त्यामुळे तुझ्या पंचावन्नच्या धाकट्या काकांना कुणी पाकीट पाठवणार नाही. त्यांना सांग, डॉक्टरांना विचारून लॅबमध्ये जा, शीतल्या रक्ताची तपासणी करून घ्या, काही शे रुपयांत होते. तुझ्या त्या हजारो रुपयांच्या फुल बॉडीत ती असतेच असं नाही, विचारून घे.

पण अण्णांकडून तुला एक गोष्ट हवी आहे, पैशांनी न मिळणारी. त्यांना स्वतःला कधी आतड्यात गाठ निघाली होती का? २०११ साली ते मिरजेला ‘पोटाच्या’ ऑपरेशनला गेले होते. पोटाच्या म्हणजे कशाच्या? अपेंडिक्स, पित्ताशय की आतडं? तुला माहीत नाही, कारण आपल्या घरांत कंबरेखालचं सगळं ‘पोट’ असतं आणि त्याच्याबद्दल मुलांना सांगत नाहीत. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला हा कर्करोग झाला असेल, तर तुझा हिशेबच बदलतो: चाळिशीला, किंवा त्यांना झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे लवकर येईल तेव्हापासून, तेही बहुतेक वेळा थेट कोलोनोस्कोपी. मग खणातलं पाकीट तुझ्या कामाचंच नाही. डॉक्टरांच्या फॉर्मवर घराण्यातल्या आजारांच्या रकान्यात तू दोन वर्षं ‘काही नाही’ लिहितोयस. ते तू विचारून लिहिलंस की जागा रिकामी दिसते म्हणून?

तेव्हा आज रात्री त्यांना फोन. चेकअपचं बोलायचं नाही, मिरजेचं विचारायचं. टाळलं तर आईला फोन दे म्हणायचं, ती सांगेल. ऑपरेशनचा कागद कपाटात असणार. त्याचा फोटो मागव आणि डॉक्टरांना पाठव. आतड्याचं काही निघालं नाही, तर उद्या सकाळी पाकीट. वरचं, यंदाचं, खालचं कचऱ्यात. कागद कमोडवर नीट चिकटव, नळीवर तारीख लिहायला विसरू नकोस, तारीख नसलेला नमुना प्रयोगशाळा नाकारते आणि तेवढं निमित्त तुला पुरेल. शनिवारी घेऊन सोमवारपर्यंत गाडीच्या डिकीत ठेवशील, तर तेही चालणार नाही. उन्हात रक्त नासतं आणि असलेलं रक्त नाही असं दिसतं. म्हणून पोस्टात त्याच दिवशी. पावतीचा फोटो मला नको. निकाल आला की कळव, काहीही असो.

आणि खाली बस. शेजारच्याला पण उठव, त्याचंही पाकीट आलंय म्हणे.